विश्लेषण : कळपांचे रक्षण करणाऱ्या कुत्र्यांच्या जाती आल्या कुठून? लांडगा परतताच त्यांची पुन्हा आठवण का?

युरोपीय महासंघाने २०२५ मध्ये लांडग्याचा दर्जा ‘काटेकोर संरक्षित’वरून ‘संरक्षित’ असा खाली आणला. मेंढपाळांचे नुकसान हे त्यामागचे मुख्य कारण सांगितले गेले. महासंघातील लांडग्यांची संख्या आता वीस हजारांहून अधिक आहे आणि जिथे दोन-तीन पिढ्यांत कोणी लांडगा पाहिला नव्हता, तिथेही तो मेंढ्या उचलू लागला आहे. आयोगाच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेर लायन यांचे ‘डॉली’ नावाचे तट्टूही २०२२ मध्ये लांडग्याने मारले होते. बंदूक की संरक्षण, हा वाद त्यामुळे पेटलेला आहे. या वादात एक तिसरा पर्याय वारंवार पुढे येतो, तो किमान दोन हजार वर्षे जुना आहे आणि त्याला चार पाय आहेत. कळपासोबत राहणारा, त्यातच वाढलेला राखण्या कुत्रा. या कुत्र्यांच्या जाती कोणी घडवल्या, त्या नाहीशा का झाल्या आणि आपल्या धनगरांच्या वाड्यावरच्या बिननावाच्या कुत्र्याशी त्यांचे नाते काय?

राखणारा आणि हाकणारा कुत्रा यांत फरक काय?

मेंढपाळाचा कुत्रा म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे बॉर्डर कॉली येतो. शिट्टीवर धावणारा, दबा धरून मेंढ्यांवर नजर रोखणारा, कळप हवा तिकडे वळवणारा. तो हाकणारा कुत्रा. राखणाऱ्या कुत्र्याचे काम त्याच्या जवळजवळ उलटे असते. तो मेंढ्यांना कुठेही नेत नाही. त्या जातील तिकडे तो जातो, त्या बसल्या की तोही बसतो. दिवसभर तो झोपलेला दिसतो, म्हणून नवख्या माणसाला आळशी वाटतो. अंधार पडला की त्याचे काम सुरू होते.

शिकारी प्राण्याच्या वागण्यात एक साखळी असते. हेरणे, नजर रोखणे, दबकत जाणे, पाठलाग, पकड, मारणे आणि फाडणे. हाकणाऱ्या कुत्र्यात या साखळीचा पहिला भाग निवडीने अधिक धारदार केलेला आहे आणि शेवटचा भाग बोथट. मेंढ्या बॉर्डर कॉलीला घाबरतात, कारण तो त्यांच्याकडे शिकाऱ्याच्या नजरेने पाहतो. राखणाऱ्या कुत्र्यात ही सगळी साखळीच मंद असते. पळणारी मेंढी पाहून ज्याचे पाय शिवशिवत नाहीत, तोच या कामाचा. म्हणूनच आपल्याकडचा मुधोळ किंवा कारवानी कुत्रा कितीही चपळ आणि देखणा असला तरी तो या वर्गात बसत नाही. तो पाठलागासाठीच घडलेला आहे.

अमेरिकी अभ्यासक रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर यांनी या कुत्र्यात तीन गुण हवेत असे मांडले. तो विश्वासू हवा, म्हणजे मेंढीला त्रास देणार नाही. लक्ष देणारा हवा, म्हणजे कळप सोडून भटकणार नाही. आणि संरक्षक हवा. यांतला तिसरा गुण आपल्याला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, प्रत्यक्षात पहिले दोन नसतील तर तिसऱ्याचा काडीचा उपयोग नाही. लांडग्याशी झुंज हा तर अगदी शेवटचा प्रसंग. भुंकणे, अंगावर धावून जाणे, हद्दीवर मुतून खूण करणे, मध्येच येऊन लांडग्याचा बेत विस्कटणे एवढ्यावरच बहुतेक रात्री भागते. जखमी होण्याचा धोका पत्करून जेवण मिळवणे लांडग्यालाही परवडत नसते.

हे कुत्रे नेमके किती जुने?

अनेक जातींच्या माहितीत ‘सहा हजार वर्षांपूर्वीची जात’ असे बिनदिक्कत लिहिलेले असते. या दाव्यांकडे जरा सावधपणे पाहायला हवे. मेंढी-शेळी माणसाळली ती सुमारे दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी, आजचा पूर्व तुर्कस्तान ते इराणमधील झाग्रोस पर्वत या पट्ट्यात. कुत्रा त्याच्याही आधीचा. जर्मनीत बॉनजवळ माणसांसोबत पुरलेला कुत्रा सुमारे चौदा हजार वर्षे जुना आहे. म्हणजे कळप जमले तेव्हा कुत्रा हजर होता. पण उत्खननात सापडलेले हाड कुत्र्याचे आहे एवढेच कळते, तो रात्री काय काम करत होता हे हाड सांगत नाही. त्यासाठी लिखित पुराव्याकडेच यावे लागते.

बायबलमधील ईयोबाच्या ग्रंथात कळपाच्या कुत्र्यांचा ओझरता उल्लेख आहे. इसवीसनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने मोलोसिया प्रदेशातील कुत्र्यांचे दोन प्रकार नोंदवले. त्यांतला शिकारीचा कुत्रा इतर ठिकाणच्या कुत्र्यांसारखाच, पण मेंढ्यांमागे असणारा आकाराने आणि जंगली जनावरांना तोंड देण्याच्या धैर्याने सरस, असे तो म्हणतो. काम वेगळे म्हणून कुत्रा वेगळा, हा भेद तेव्हाच स्पष्ट होता.

सर्वांत रसाळ नोंद मात्र रोमन लेखक वारोची. इसवीसनापूर्वी ३७ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात असताना त्याने शेतीवर ग्रंथ लिहिला आणि त्यात कळपाच्या कुत्र्यांना स्वतंत्र प्रकरण दिले. कुत्रा शिकाऱ्याकडून किंवा खाटकाकडून घेऊ नका, असे तो बजावतो. खाटकाचा कुत्रा कळपामागे चालायचा कंटाळा करतो आणि शिकाऱ्याचा ससा दिसला की मेंढ्या सोडून त्याच्या मागे धावतो. मेलेल्या मेंढीचे मांस त्याला चाखू देऊ नका, चटक लागेल. गळ्यात जाड चामड्याचा पट्टा घाला, त्याला बाहेरच्या बाजूने खिळे ठोका, पण आतून मऊ चामडे शिवा, म्हणजे खिळ्यांची डोकी मानेला टोचणार नाहीत. पुढचे त्याचे निरीक्षण तर खास आहे. एकदा का लांडग्याला असे खिळे लागले की ज्यांच्या गळ्यात पट्टा नाही ते कुत्रेही सुरक्षित होतात. हा काटेरी पट्टा तुर्कस्तानात, इटलीत आणि आपल्या हिमाचल प्रदेशात आजही दिसतो.

वारोने एक किस्साही दिला आहे. पुब्लियस ऑफिडियस पोंटियानस नावाच्या माणसाने उम्ब्रियाच्या टोकाला मेंढ्यांचे कळप विकत घेतले. सौद्यात कुत्रे होते, मेंढपाळ नव्हते. मेंढपाळांनी कळप इटलीच्या दक्षिण टोकाकडे मेटापोंटमपर्यंत पोहोचवून द्यायचे आणि परत फिरायचे असे ठरले होते. ते परतले. काही दिवसांतच नव्या मालकाकडचे कुत्रे नाहीसे झाले आणि कित्येक दिवसांची वाट तुडवत, रानात मिळेल ते खात, आपल्या जुन्या मेंढपाळांकडे उम्ब्रियात पोहोचले. कोणी त्यांना वाट दाखवली नव्हती. दोन हजार वर्षांनंतर अमेरिकेत याच कुत्र्यांची खरेदी-विक्री सुरू झाली, तेव्हा घेणाऱ्यांना हा धडा पहिल्यापासून गिरवावा लागला.

पहिल्या शतकातील कोलुमेलाने रंगाचा मुद्दा मांडला. घर राखणारा कुत्रा काळा असावा, चोराला तो दिवसा अधिक भयंकर दिसतो आणि रात्री दिसतच नाही. कळपाचा मात्र पांढरा असावा, कारण पहाटे-संध्याकाळच्या अंधुक उजेडात लांडगा समजून मेंढपाळाचा घाव आपल्याच कुत्र्यावर पडू नये. इटलीचा मारेम्मा, फ्रान्स-स्पेन सीमेवरचा पिरेनीज, पोलंडचा तात्रा, हंगेरीचे कुवास आणि कोमोंडोर हे पांढरे आहेत त्याचे कारण बहुधा हेच. पण हा काही सार्वत्रिक नियम नाही. तुर्की कांगाल पिवळसर, काळ्या तोंडाचा असतो आणि त्याच्याइतका नावाजलेला राखण्या क्वचितच दुसरा असेल.

मग या जाती कोणी घडवल्या?

नावांच्या यादीवरून नजर फिरवली तरी उत्तराचा अंदाज येतो. पिरेनीज, तात्रा, शार, पोर्तुगालमधील एस्त्रेला ही पर्वतांची नावे. कांगाल हे तुर्कस्तानच्या सीवास प्रांतातील गाव. बल्गेरियाचा काराकाचान, जम्मू-काश्मीरचा बकरवाल, हिमाचलचा गद्दी ही तर भटक्या पशुपालकांचीच नावे. एखाद्या राजाने किंवा हौशी माणसाने ‘तयार केलेली’ जात या यादीत सापडत नाही. डोंगर, त्यावरची चराई आणि तिथवर चालत जाणारी माणसे यांच्या नावाने हे कुत्रे ओळखले जातात.

उन्हाळ्यात उंच कुरणांवर आणि हिवाळ्यात खाली मैदानात, असे कळपांचे हंगामी स्थलांतर भूमध्य समुद्रापासून हिमालयापर्यंत चालत आले आहे. स्पेनमध्ये दहाव्या आल्फोन्सो राजाने १२७३ मध्ये ‘मेस्ता’ या मेंढपाळ-मालकांच्या संघाला मान्यता दिली. मेरिनो मेंढ्यांचे प्रचंड कळप ठरलेल्या राजमार्गांवरून उत्तर-दक्षिण जात-येत आणि सोबत मास्टिफ कुत्रे असत. लोकरीच्या व्यापारावर स्पेनची तिजोरी उभी होती, त्या व्यापाराच्या मुळाशी हे कुत्रेही होते. मेस्ता १८३६ मध्ये बंद झाली.

अशा वाटचालीत निवड आपोआप होत जाते. शेकडो मैल न चालू शकणारा कुत्रा मागे राहतो. कळप सोडून पळणारा हरवतो. मेंढीला चावणाऱ्याला मेंढपाळ त्याच दिवशी संपवतो. कुत्रीला आठ पिल्ले झाली तर सगळी पोसण्याइतके दूध-भाकर कोणाकडे नसते, एक-दोनच ठेवली जातात. आणि वाटेत गाठ पडणाऱ्या दुसऱ्या कळपांतील कुत्र्यांशी संकर होतच राहतो. वंशावळीची वही नसताना, केवळ कामावर नजर ठेवून, शेकडो वर्षांत जे शिल्लक उरले त्याला आज आपण जात म्हणतो. पशुशास्त्रात अशा समूहाला स्थानिक वाण म्हणणे अधिक योग्य.

वह्या आल्यावर गोंधळ झाला. इटलीत समुद्रकाठच्या मारेम्मा प्रदेशातील आणि अब्रुझ्झोच्या डोंगरांतील कुत्रे या दोन जाती मानल्या जात होत्या. हिवाळ्यात खाली असणारा आणि उन्हाळ्यात वर असणारा कुत्रा एकच, हे मान्य करून १९५८ मध्ये त्यांची एकच जात करण्यात आली. तुर्कस्तानात याच्या उलट वाद आहे. रॉबर्ट बॅलार्ड या अमेरिकी नौदल अधिकाऱ्याने १९६८ मध्ये तिथून एक जोडी नेली आणि त्यांच्या वंशाला अमेरिकेत ‘ॲनातोलियन शेफर्ड’ असे नाव पडले. कांगाल आणि पांढरा अकबाश या वेगळ्या जाती असून त्यांची सरमिसळ केली गेली, अशी तुर्की जाणकारांची तक्रार होती. अखेर आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाने २०१८ मध्ये ॲनातोलियनची नोंद ‘कांगाल’ या नावाने केली. मेंढपाळाला यातले काहीच विचारले गेले नसावे.

डार्विनने काय पाहिले?

रक्त महत्त्वाचे की संगोपन, या प्रश्नावर सर्वांत चांगली साक्ष चार्ल्स डार्विनची आहे. १८३३ मध्ये तो आजच्या उरुग्वेतून घोड्यावरून फिरत होता. घरापासून, माणसांपासून काही मैल दूर मोठमोठे कळप एक-दोन कुत्र्यांच्या भरवशावर चरताना दिसत. इतकी मैत्री जमते कशी, याची त्याने चौकशी केली. पद्धत अशी होती. पिल्लू अगदी लहान असतानाच आईपासून दूर करायचे आणि दिवसातून तीन-चार वेळा मेंढीला पाजायला लावायचे. मेंढवाड्यातच लोकरीचे घरटे करून त्यात ठेवायचे. दुसऱ्या कुत्र्यांत किंवा घरातल्या मुलांत मिसळू द्यायचे नाही. बहुधा त्याचे खच्चीकरणही करायचे. मोठेपणी त्याला कळप सोडावासाच वाटत नाही.

तो कुत्रा रोज मांसाचा तुकडा घ्यायला घरी येई आणि तो मिळताच लाज वाटल्यासारखा पळ काढी, असे डार्विन लिहितो. घरची कुत्री त्याच्या मागे लागत. पण कळपाजवळ पोहोचला की तोच गडी उलटा फिरून भुंकू लागे आणि घरची कुत्री शेपूट घालून पळत.

पुढे कॉपिंजर दाम्पत्याच्या कामातून हेच वेगळ्या भाषेत पुढे आले. साधारण चौथ्या आठवड्यापासून चौदा-सोळाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू आपली माणसे कोण, आपले सोबती कोण हे ठरवते. या काळात ते मेंढ्यांमध्ये असेल तर मेंढ्या त्याचे सोबती. हा काळ हातचा गेला तर नंतर कितीही उत्तम वंशावळीचा कुत्रा कळपात सोडला तरी तो माणसाच्या अंगणातच परत येतो. अमेरिकेत नवाहो आदिवासींचे मिश्र रक्ताचे, कसल्याही जातीचे नसलेले कुत्रे कळप उत्तम राखतात, हे १९८० च्या सुमारास नोंदवले गेले, तेव्हा जातीच्या शुद्धतेवर भर देणाऱ्यांची बरीच अडचण झाली. आकार, दमसास, शिकारी ओढ कमी असणे हे रक्तातून येते. कोणासाठी जीव टाकायचा हे मात्र पिल्लूपणी शिकवले जाते.

लांडगा संपल्यावर काय झाले?

ब्रिटनकडे पाहा. इंग्लंडमधून लांडगा सुमारे पाचशे वर्षांपूर्वी संपला, स्कॉटलंडमधून त्यानंतर. राखण्याची गरज उरली नाही आणि हाकणाऱ्याचे राज्य आले. वेल्समधील बाला गावी १८७३ मध्ये मेंढ्या हाकण्याच्या स्पर्धा सुरू झाल्या. जगभर पोहोचलेली ‘शीपडॉग’ची प्रतिमा ही लांडगा नसलेल्या देशाची आहे.

फ्रान्समध्ये १९३० च्या दशकापर्यंत लांडगा जवळपास नाहीसा झाला. डोंगरातला ‘पातू’ तोवर हौशी लोकांकडे आणि प्रदर्शनांत पोहोचला होता. १९२० च्या दशकात त्याचे प्रमाणित वर्णन लिहिले गेले. डोके केवढे, शेपूट कशी, मागच्या पायावर जादा नख्या किती. कळपासोबत रात्र काढतो का, हा प्रश्न प्रदर्शनाच्या रिंगणात विचारता येत नाही. इटलीतील अब्रुझ्झोमध्ये, बाल्कन डोंगरांत आणि तुर्कस्तानात लांडगा कधी पूर्ण संपला नाही. कामाचे कुत्रे आणि ते वापरण्याचे शहाणपण शाबूत राहिले ते तिथेच. युरोपचा नकाशा समोर ठेवला तर लांडग्याची आणि राखण्या कुत्र्याची वस्ती अशी हातात हात घालून चाललेली दिसते.

काही ठिकाणी हा कुत्रा राष्ट्रीय प्रतीक झाला. तुर्कमेनिस्तानात अलाबाय जातीच्या कुत्र्याचा सोनेरी पुतळा २०२० मध्ये राजधानी अश्गाबादमध्ये उभा राहिला. चीनमध्ये तिबेटी मास्टिफ श्रीमंतीचे लक्षण ठरला. २०१४ मध्ये एक पिल्लू १ कोटी २० लाख युआनला विकल्याची बातमी जगभर गाजली. पाठोपाठ बाजार कोसळला आणि नको झालेले कुत्रे तिबेटच्या पठारावर मोकाट सोडले गेले. कळप राखणाऱ्यांचे हे वंशज आता कळपांवर आणि माणसांवरच हल्ले करू लागले.

तिबेटी मास्टिफची आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. विरळ हवेत जगण्याची त्याची क्षमता ज्या जनुकीय बदलामुळे आहे, तो बदल त्याला लांडग्याशी झालेल्या संकरातून मिळाला. जॉर्जियातील कॉकेशस डोंगरांत २०१४ मध्ये झालेल्या अभ्यासात सुमारे दहा टक्के लांडगे आणि राखण्या कुत्रे यांच्या रक्तात एकमेकांचे मिश्रण आढळले. दिवसाचे वैर रात्री नेहमीच टिकते असे नाही.

अमेरिकेला हे कुत्रे अचानक का आठवले?

अमेरिकेत कोयोटीला मारण्यासाठी सरकारच विष पेरत असे. त्यात गरुड, कोल्हे, पाळीव कुत्रे सगळेच मरत. फेब्रुवारी १९७२ मध्ये अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी केंद्र सरकारच्या जमिनींवर अशा विषांचा वापर थांबवण्याचा आदेश काढला आणि मेंढीपालक हवालदिल झाले. विष नाही तर काय, या प्रश्नाचे उत्तर शोधताना दृष्टी जुन्या जगाकडे वळली. कॉपिंजर दाम्पत्याने मॅसॅच्युसेट्समधील हॅम्पशायर कॉलेजमध्ये १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रकल्प सुरू केला. इटली, युगोस्लाव्हिया, तुर्कस्तानातून पिल्ले आणली आणि ती शेतकऱ्यांना दिली. आयडाहोमधील सरकारी मेंढी संशोधन केंद्रानेही चाचण्या घेतल्या.

या मधुचंद्रात खडेही लागले. काही कुत्रे खेळता खेळता कोकरे मारत, काही शेजारच्या शेतावर भटकत, बरेच रस्त्यावर गाडीखाली जात. कुंपण घालून मेंढ्या सोडून देणाऱ्या अमेरिकी शेतकऱ्याला कुत्र्यावर लक्ष ठेवणारा मेंढपाळ सोबत हवा, हे उशिरा उमगले. पोंटियानसनेही कुत्रे घेतले होते आणि मेंढपाळ घेतले नव्हते.

लांडगा परतल्यावर युरोपमध्ये काय चालले आहे?

नोव्हेंबर १९९२ मध्ये फ्रान्सच्या मेर्कांतूर राष्ट्रीय उद्यानात इटलीतून आलेले दोन लांडगे दिसले. तीन वर्षांत स्वित्झर्लंडमध्येही त्यांचा माग लागला. तोवर या डोंगरांत मेंढ्या राखणीविना सोडण्याची सवय पडून गेली होती. सरकारांनी कुत्र्यांसाठी अनुदान दिले, पातू पुन्हा कळपात आला. मात्र मधल्या साठ वर्षांत डोंगरही बदलला होता. त्या वाटांवर आता पर्यटक, सायकलस्वार आणि त्यांचे पाळीव कुत्रे आहेत. कळपाजवळून जाणारा अनोळखी माणूस आणि लांडगा यांत पातू फारसा भेद करत नाही. चाव्याच्या तक्रारी, मेंढपाळांवर खटले, ‘कळपाला वळसा घाला’ असे फलक हे सगळे ओघाने आले. मेंढपाळाचा त्रागा समजण्यासारखा आहे. लांडगा मारायचा नाही, आणि त्याला अडवणारा कुत्रा भुंकला तरी गुन्हा.

कुत्रा हा रामबाण उपाय नाही, हेही सांगायला हवे. मोठ्या कळपाला एक कुत्रा पुरत नाही, लांडग्यांची टोळी एका कुत्र्याला गुंतवून दुसरीकडून मेंढी नेऊ शकते. रात्री मेंढ्या एकत्र कोंडणे, कुंपण आणि जागता माणूस यांची जोड लागतेच.

चित्त्याशी आणि पेंग्विनशी काय संबंध?

नामिबियात चित्ते खासगी शेतांवर राहतात आणि गुरे-शेळ्या मारतात म्हणून शेतकरी त्यांना सर्रास गोळ्या घालत. लॉरी मार्कर यांच्या ‘चीता कन्झर्वेशन फंड’ने १९९४ पासून तुर्की वंशाची पिल्ले शेतकऱ्यांना द्यायला सुरुवात केली. कुत्रा असलेल्या कळपांचे नुकसान ८० ते १०० टक्क्यांनी घटल्याचा संस्थेचा दावा आहे. नुकसान थांबले की बंदूकही थांबते, असा हा हिशेब. १७ सप्टेंबर २०२२ रोजी मध्य प्रदेशातील कुनोमध्ये सोडलेले आठ चित्ते याच नामिबियातून आले आणि त्या कामात ही संस्था सहभागी होती. कुनोतील चित्ते उद्यानाबाहेर जाऊ लागल्यावर जनावरे मारली जाण्याचे आणि ग्रामस्थांनी दगड-काठ्या उगारण्याचे प्रकार इथेही घडले आहेत.

ऑस्ट्रेलियात वॉर्नम्बूल शहराजवळच्या मिडल आयलंडवर ओहोटीच्या वेळी कोल्हे चालत जात आणि छोट्या पेंग्विनांचा फडशा पाडत. २००५ मध्ये तिथे दहाहून कमी पेंग्विन उरले. पुढच्या वर्षी मारेम्मा कुत्रे राखणीला ठेवले आणि वसाहत पुन्हा भरली. मेंढीऐवजी पक्षी दिले तरी कुत्र्याने ते आपले मानले. या घटनेवर २०१५ मध्ये ‘ऑडबॉल’ हा चित्रपटही निघाला.

भारतात आणि महाराष्ट्रात स्थिती काय?

हिमाचलमधील गद्दी मेंढपाळ धौलाधार ओलांडून लाहौलकडे जातात, बकरवाल जम्मूच्या पायथ्यापासून काश्मीरच्या उंच कुरणांपर्यंत. दोघांकडेही बिबट्या, अस्वल, हिमबिबट्याच्या वाटेवर उभे राहणारे दणकट कुत्रे आहेत. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडेच गद्दी कुत्र्याची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद केली. नोंदीचे स्वागतच, पण स्थलांतर करणारी कुटुंबे कमी होत असताना हा कुत्रा राहील कुठे, हे नोंदीने सुटत नाही.

महाराष्ट्रात अशी नाव मिळालेली जात नाही. माण, फलटण, खटाव, बारामती या दुष्काळी पट्ट्यातून दिवाळीच्या आसपास धनगरांचे वाडे कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. सोबत दख्खनी मेंढ्यांची खांडे, घोड्यावर बिऱ्हाड, कोंबड्या आणि कुत्री. रात्री शेतात मेंढरे बसवली जातात, भोवती वाघर म्हणजे जाळ्याचे कुंपण लागते आणि कुत्री बाहेर राहतात. अंगाने मध्यम, रंगाने कसेही. कांगालसारखा पन्नास-साठ किलोचा कुत्रा पोसायला या वाड्याला परवडणारही नाही आणि कोकणच्या उकाड्यात तो टिकणारही नाही. लांडग्याचा वास लागताच रान जागे करणे एवढेच काम या कुत्र्यांकडून हवे असते, पुढचे काठी घेतलेला माणूस बघतो. वाड्यावरच जन्मलेले, कोकरांच्या उबेत झोपलेले पिल्लू ही नवाहोंची आणि उरुग्वेची रीत इथे कोणी न सांगता चालू आहे.

धनगरांचे दैवत खंडोबा. त्याच्या मूर्तीत घोड्याजवळ कुत्रा असतो आणि त्याचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात, जत्रेत कुत्र्यासारखे भुंकतात, कोटंब्यात वाढलेले खातात. कळपाच्या राखणदाराला इतक्या जवळ घेणारे दैवत दुसरीकडे शोधावे लागेल.

आता अडचण अशी की पुणे, सोलापूर, अहिल्यानगरच्या माळरानांवर लांडगा अजून आहे. देशभरात त्याची संख्या २०२२ च्या एका अंदाजानुसार सुमारे ३१०० म्हणजे वाघापेक्षाही कमी आहे. आणि त्याच माळांवर उकिरड्यांवर पोसलेल्या मोकाट कुत्र्यांच्या झुंडी वाढल्या आहेत. त्या मेंढरे फाडतात आणि आळ लांडग्यावर जातो. त्या रेबीज आणि डिस्टेंपर पसरवतात. पुणे जिल्ह्यात तर लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराचा जनुकीय पुरावा २०२३ मध्ये समोर आला. वाड्यावरचे कुत्रेही या साखळीपासून वेगळे राहू शकत नाहीत. त्यांचे लसीकरण करायचे तर पशुवैद्यकाने दवाखान्यात थांबून भागत नाही. आज माणमध्ये असलेला वाडा पंधरा दिवसांनी कोणत्या घाटात असेल, हे आधी त्या मेंढक्याला विचारावे लागते.